काजूच्या दिवसांतला पेपर

परीक्षेतल्या शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी ओल्या काजूच्या बिया सोलायला बसले, तेही हाताला तेलाचं बोट न लावता. एवढ्यावरच पेडण्या-डिचोलीकडचा माणूस हसायला लागेल. बाकीच्यांसाठी सांगते. ओल्या बीच्या हिरव्या टरफलात एक तेल असतं. ते कातडीला लागलं की लगेच काही होत नाही, आणि तिथंच माणूस फसतो. दुपारी बोटं नुसती काळी दिसतात. रात्री चुरचुरतात. सकाळी उठून बघावं तर फोड आलेले असतात आणि बोटांची वांगी झालेली असतात. खोबरेल चोपडून, राख लावून मग बीला हात लावायचा, हे इथं लहान मुलालाही कळतं. मला कळत नव्हतं, कारण मी साखळीच्या बाजारातल्या दुकानदाराची मुलगी. काजू आमच्याकडे डब्यातून यायचे, सोललेले, भाजलेले. शिवाय मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे कोणाला काही विचारायची सवय मला उरली नव्हती.

आता हे आठवायचं कारण म्हणजे वास. आमच्या सर्वणच्या घराच्या मागे डोंगराची उतरण आहे, तिच्यावर काजू. मार्च सरत आला की पिकलेली बोंडं झाडाखाली पडतात, उन्हानं तापतात, आणि गोड, आंबूस, जरासा उग्र असा एक वास दुपारी खिडकीतून आत येतो तो संध्याकाळपर्यंत उठून जात नाही. लोकांना त्या वासानं उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, आठवते. मला प्रश्नपत्रिका आठवते. इतकी वर्षं झाली, तरी तो वास आला की आपलं काहीतरी वाचायचं राहिलंय असं वाटतं.

नात माझी, वैदेही, मी शिकले त्याच कॉलेजात आहे. तिचीही परीक्षा चालू आहे. ती बलकांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, पाय वर घेऊन बसते, मांडीवर लॅपटॉप, कानात काहीतरी खुपसलेलं, आणि मधूनच मान हलवते. अभ्यास आहे की गाणं, विचारायची सोय नाही. काल सुपात बिया बघून म्हणाली, "आजी, सोलून देऊ?"

"हात लावून तर बघ."

"ग्लोव्हज घालते गो."

घातलेन, आणि सोलून दिलेन. आमच्या वेळी शहाणपण होतं पण हातमोजे नव्हते, आता हातमोजे आहेत, असं काहीतरी म्हणावंसं वाटलं. पण माझ्याकडे त्या वेळी दोन्ही नव्हतं, म्हणून सूप उचलून आत नेलं.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून एक तरुण प्राध्यापक आला होता. चांगला होता बिचारा. येताना मिठाई आणली, मला गोड चालत नाही हे कळल्यावर स्वतःच खाल्ली. कॉलेजची स्मरणिका काढायची आहे म्हणाला. मोबाइल टेबलावर उताणा ठेवला आणि विचारलं, "आजी, तुम्ही पहिल्या तुकडीतल्या. कॉलेजची वाढ कशी होत गेली ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी म्हटलं, "भाडेकरूसारखी. आधी एक खोली मागितली, मग शेजारची, मग पडवी, मग अंगण. शेवटी घरमालकानंच हात जोडले की बाबा, तू आता स्वतःचं घर बांध."

तो हसला, पण हे छापायचं कसं असा प्रश्न त्याच्या कपाळावर दिसला. खरं तर मी थट्टा करत नव्हते. घरमालक म्हणजे देऊळ. कॉलेज सुरू झालं ते देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे बाहेरगावचे भक्त उतरतात त्या खोल्यांत. आमच्या बाकांच्या मागे खुंट्यांवर कोणाचेतरी पंचे वाळत असायचे. इतिहासाच्या तासाला शेजारच्या खोलीत कोणी तान्ह्या माणकुल्याचं जावळ काढायला आलेलं असायचं, आणि फ्रान्सची राज्यक्रांती त्या पोराच्या रडण्यात बुडून जायची. महानैवेद्याची घंटा झाली की आमचा तास संपला असं समजायचं. तास घेणारे सरही तसंच समजत. जत्रेला आठवडाभर बाकं एकावर एक रचून ठेवीत आणि आम्हाला सुट्टी. ग्रंथालय म्हणजे एक कपाट. त्याची किल्ली भटजींकडे असे, कारण कपाटाच्या खालच्या खणात देवाच्या समया होत्या. पुस्तक हवं असेल तर भटजींची आंघोळ कधी होते ते बघून जावं लागे.

आणि विद्यार्थी? ते गावोगाव फिरून मागून आणले. गावातला एक डॉक्टर, एक व्यापारी आणि सावंतवाडीकडून आलेले आमचे प्राचार्य असे तिघं संध्याकाळी निघत. कारापूर, साखळी, सर्वण, एकेक घर. माझ्या वडिलांच्या दुकानात आले तेव्हा त्यांनी आधी साखर घेतली, चहापूड घेतली, मग मला मागितलं. वडिलांना गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नव्हती. अशी मी कॉलेजात गेले. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगायची की मला शिक्षणाची ओढ होती. ओढ होती, पण नंतरची. आधी साखर.

पहिल्या वर्षाला मुली होत्या बऱ्याच. दर मे महिन्यात त्यातल्या काहींची लग्नं होत. कॉलेजला उन्हाळ्याच्या सुट्टीची सगळ्यात जास्त भीती वाटायची. शेवटच्या वर्षाला मुलींत मी एकटी उरले, आणि माझंही लग्न झालंच, फक्त कार्तिकात झालं. सासऱ्यांनी अट घातली होती: परीक्षा एकदाच द्यायची. पास झाली तर झाली, नाहीतर पुन्हा बसणं नाही. मला ती अट मुळीच जाचक वाटली नाही. मी नापास कशाला होईन? मी तर घरात चहा गाळतानासुद्धा टिपणं पाठ करत असे, आणि सगळ्यांना ती ऐकू जावीत एवढ्या मोठ्यानं.

सासूला आम्ही मांय म्हणत असू. इकडे म्हणतात तसं. ती पेडण्याची, तेरेखोलच्या काठाकडची. अंगानं काटक, बोलणं थोडं. मी आले तेव्हा तिनं मला एकच विचारलं होतं, "तुका भाकरी येता मां?" मी म्हटलं, "तशी येते." त्या "तशी"मधलं तिला सगळं समजलं, आणि तिनं मला परीक्षेपर्यंत चुलीपासून लांब ठेवलं. मला वाटलं, माझ्या शिक्षणाचा मान. आता वाटतं, पिठाची काळजी.

तर शेवटचा पेपर मराठीचा. आदल्या दिवशी मांय बोंडं गोळा करायला डोंगरावर गेली. जाताना म्हणाली, "तू वाच. बियांक हात लावू नको. मी येतंय सांजेक." मी वाचत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या जनाकाकीचा आवाज आला. ती माझ्याशी बोलत नव्हती, तिच्या म्हशीशी बोलत होती. आमच्या वाड्यावर टोमणा असाच मारतात, म्हशीच्या पाठीवरून.

"कॉलेजातली सून गो बाय. काजू खातली, पण सोलची नाय."

झालं. पुस्तक मिटलं, आदोळीवर, म्हणजे विळीवर बसले, आणि तास दीड तासात सूपभर बिया चिरून गर काढले. मध्येच कुंपणाकडे बघत होते, जनाकाकी बघते की नाही म्हणून. ती केव्हाच आत गेली होती. म्हैस बघत होती.

संध्याकाळी मांय आली. गर बघितले, मग माझे हात बघितले.

"तेल लायलंस?"

"कसलं तेल?"

ती पायरीवर बसली. "उद्या पेपर कसो लिवतलंस? पायान?"

रात्रभर तिनं खोबरेल लावलं, थंड पाणी लावलं, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. सकाळी माझा उजवा हात शिगम्यातल्या सोंगासारखा दिसत होता. पेन अंगठ्यात धरून बघितलं, ते पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. तेव्हा मात्र मला सासऱ्यांची अट आठवली, आणि ती अगदी स्पष्ट, शब्दाला शब्द आठवली. माझे यजमान खाणीवर कामाला होते, चार दिवस तिकडेच. सासरे अजून उठायचे होते. मांयनं डोकीवरून पदर घेतला आणि म्हणाली, "चल."

रस्ता लाल. तेव्हा खनिजाचे ट्रक सकाळपासून धावत आणि पायी जाणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचा करून टाकत. अग्रशाळेत पोचलो तेव्हा आम्ही दोघी नुकत्या लिंपलेल्या भिंतींसारख्या दिसत असू. प्राचार्यांनी माझा हात बघितला आणि खुर्चीत बसले. हळूच म्हणाले, "कुमुद, यंदा परीक्षेला मुलीचं एकच नाव आहे. लोक वाट बघून आहेत. एक मुलगी पार पडू दे, मग आमची पाठवतो, असं मला किती घरांत सांगितलंय. तू ह्या पेपराला बसलीच नाहीस, तर पुढच्या वर्षी मी कोणत्या तोंडानं कोणाच्या दारात उभा राहू?"

मी रडायला लागले. डोळे पुसायला हात नव्हता.

मग ते उठले, नियमांचं पुस्तक काढलं, आणि कळलं की हात चालत नसेल त्याला लेखनिक मिळतो. विद्यार्थ्यानं सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. पण लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्याहून कमी हवं. असा माणूस लगेच आणायचा कुठून? वर्गातली मुलं स्वतःच पेपरला बसलेली. भटजी पूजेत.

"माका येता लिवक," मांय म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मीसुद्धा. पाच महिने मी तिच्या घरात होते आणि तिला लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

"आई, तुम्ही शिकलात किती?" प्राचार्यांनी विचारलं.

"मराठी चवथी पास. पेडण्याक, देवळातल्या शाळेत. मास्तरांनी पाचवी काढूकच नाय, नायतर ती पण झाली असती."

म्हापशाहून आलेले एक पर्यवेक्षक होते, पान खाणारे. ते म्हणाले, "नियमात बसतं, सर. ह्यांच्याहून कमी शिकलेला आणायचा तर नंदीबैलच आणावा लागेल."

मांय त्यांच्याकडे वळली. "नंदीबैल मान हलयता, भाऊ. लिवणा नाय."

आम्हाला वेगळ्या खोलीत बसवलं, कारण मी बोलणार, आणि बाकीच्यांनी ऐकलं तर सगळ्यांचाच पेपर एकसारखा झाला असता. ती पालखीची खोली. एका बाजूला पालखी, कापडात गुंडाळलेली, कोपऱ्यात ढोल, मध्ये एक बाक. बाकावर आम्ही दोघी, समोर पानवाले पर्यवेक्षक. मांयनं पदराला हात पुसले, पेन वरून खालून न्याहाळलं, आणि उत्तरपत्रिकेच्या समासावर हात फिरवला. पोळपाट पुसतात तसा.

सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मी भराभर सांगत होते.

"हळू गो. घोडी उधळली काय?"

"लेखनिकांनी बोलू नये," पर्यवेक्षक म्हणाले.

"मग लिवान दाखवू तिका, हळू म्हणान?"

मी हळू सांगायला लागले.

मग निबंध आला. विषय होते तीन, त्यातला "ग्रामीण स्त्री" माझा पाठ होता. मार्गदर्शकातून उचललेला, स्वल्पविरामांसकट. मी डोळे मिटले आणि सुरू केलं:

"आजही खेड्यातील स्त्री अज्ञानाच्या काळोखात चाचपडत आहे."

"चाचपडत आहे," मांय पुटपुटली. "फुडें?"

"चूल आणि मूल यांपलीकडे तिला जग नाही."

"जग नाही. फुडें?"

"तिच्या हाताला अक्षराचा स्पर्श झालेला नाही."

इथं पेन थांबलं नाही. थांबलं असतं तर बरं झालं असतं. ते आपलं सावकाश चालत राहिलं, आणि त्या करकर आवाजानं मी डोळे उघडले. तिचं अक्षर दिसलं. गोल, सुटं, एका रेषेत, पेरलेल्यासारखं. त्याच अक्षरात लिहिलं जात होतं की तिच्या हाताला अक्षराचा स्पर्श झालेला नाही. पर्यवेक्षकांनी पान चघळायचं थांबवलं होतं आणि ते पालखीकडे बघत होते.

मला वाक्य बदलायचं होतं. शपथेवर सांगते, बदलायचं होतं. पण पाठांतराची गोम अशी की त्याला एकच दार असतं. तिथून आत गेलं की शेवटापर्यंत जावं लागतं. माझ्या डोक्यात दुसरं एक वाक्य नव्हतं. खेड्यातल्या स्त्रीबद्दल मला स्वतःला काय वाटतं असं कोणी विचारलं असतं तर मी कोरा कागद दिला असता, आणि ती खेड्यातली स्त्री माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती. तेव्हा मी सांगत गेले. ती अंधश्रद्धेच्या बेड्यांत जखडलेली आहे. तिला स्वतःचं मत नाही. शिक्षणाचा सूर्य तिच्या झोपडीपर्यंत पोचलेला नाही. आमचं घर चांगलं कौलारू, चार खणी होतं. ती लिहीत गेली. "झोपडीपर्यंत पोचलेला नाही. फुडें?" एक शब्द तिनं गाळला नाही, एक घातला नाही. शेवटी मीच घाम पुसला, पट्टी बांधलेल्या हातानं.

"झालां?" तिनं विचारलं.

"झालं."

तिनं सगळी पानं एकदा वरपासून खालपर्यंत बघितली, एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला, आणि पेन टोपणात घातलं.

घरी परतताना मी वाट बघत होते. आता बोलेल, त्या वळणावर बोलेल, पुलावर बोलेल. वाटेत पदेर, म्हणजे पाववाला भेटला, सायकलला टोपली लावून निघालेला. तिनं त्याच्याकडून दोन उंडे, गोल पाव, घेतले. मला धरता येईना तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून तुकडे मोडून माझ्या तोंडात घातले. ट्रक गेला की उंड्यावर पदर धरायची. घरी पोचलो तेव्हा जनाकाकीची म्हैस आमच्याकडे बघत होती. एवढंच.

त्या दिवसात मोठं काही होतं असं मला नाही वाटत. पेपर झाला, गराची उसळ झाली, मीच तेवढी खाल्ली नाही. हाताचं कातडं सोलून नवं आलं. नवं कातडं फार गुलाबी आणि फार मूर्ख दिसतं.

पुढच्या जूनला कॉलेजात मुली आल्या. कुठून कुठून आल्या, कारापूरहून, सर्वणहून, पेडण्यातल्यासुद्धा, मावशीकडे राहून. अग्रशाळा पुरेना. मग सड्यावर जागा मिळाली, चिरे पडले, भिंती चढल्या. पहिल्या पावसाळ्यात छप्पर गळायचं आणि सर छत्री धरून शिकवायचे. पुढे शास्त्र शाखा आली, तिच्यासोबत वायूचा वास आला. कॉमर्स आलं, त्याच्यासोबत टाय आले. मधली काही वर्षं खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, आणि फी भरायला येणारे बाप दारापर्यंत येऊन परत जात. ते दिवसही कॉलेजनं काढले. आता सगळं आहे. सभागृह आहे, सौर पॅनेल आहेत, स्कूटरांची रांग आहे, आणि मुली मुलांहून जास्त. प्राध्यापकाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "म्हणजे ह्या कॉलेजात बाईच्या हातानं लिहिलेला पदवीचा पहिला मराठीचा पेपर तुमचा?"

"पेपर माझा," मी म्हटलं. "हात माझा नव्हता."

त्याला ते कळायला अर्धा तास लागला, तेवढ्यात त्याची मिठाई संपली.

वैदेहीनं आतून हाक मारली. उद्याच्या निबंधाचे विषय काय येतील म्हणून विचारत होती. मी म्हटलं, काहीही येऊ दे, पाठ करून जाऊ नको. ती म्हणाली, आजी, आता निबंध कोण पाठ करतं, आता वेगळ्या युक्त्या आहेत. असतील. मला हेवा नाही.

निकाल लागला तेव्हा पाऊस रुळला होता. काजूचा मागमूस नव्हता, डोंगर हिरवा. प्राचार्य स्वतः गुणपत्रिका घेऊन सर्वणला आले, धोतर पोटरीपर्यंत खोचून. सासरे पुढे झाले. जनाकाकी तर पावसात, म्हशीशिवायच, अंगणात येऊन उभी राहिली. मी पास होते. सासऱ्यांनी दोनदा विचारून घेतलं, पास म्हणजे पूर्ण पास ना? पूर्ण पास. प्राचार्यांचा आवाज जरा चढला होता. म्हणाले, आता मी जाईन त्या दारात, आता मला तोंड आहे. मग म्हणाले, आणि मराठीत तर सगळ्या मुलांच्या वर, निबंधाचा पेपर फारच साधला.

मी खांबाला टेकून उभी होते. कोणाकडे बघावं ते सुचत नव्हतं, म्हणून खाली पायाकडे बघत होते. मांय चहा घेऊन आली. कप ठेवले, हात पुसले, आणि प्राचार्यांच्या हातातली गुणपत्रिका मागून घेतली. उजेडाकडे धरली. मराठीच्या ओळीवर बोट ठेवलं, आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाली:

"बरे पडले. काळोखात बसान लिवलंय, त्या मानान बरेच पडले."